आतोबांची मालगाडी

आमच्या आतोबांइतकं नीट सामान भरणारा माणूस सबंध बुंदेलखंडात झाला नाही, आणि त्यांच्याइतका उशिरा निघणाराही झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्या-मुंबईकडे आता सगळ्यांना सरसकट काका म्हणून मोकळे होतात. पण आम्ही झाशीची मंडळी. पूर्वजांनी इकडे येताना जे शब्द गाठोड्यात बांधून आणले तेच अजून वापरतो, नवे आणायला परत कोणी गेलंच नाही. तर हे आतोबा. अंगाने काटकुळे, आवाजाने भरदार आणि शर्टाच्या खिशात कायम गुंडाळलेली मोजपट्टी. आधी मोजपट्टी बाहेर यायची, मग नमस्कार. माझ्या लग्नात मांडवात त्यांनी नवरदेवाची उंची मोजली अशी एक अफवा आमच्या सासरी अजून फिरते. ती अफवा नाही. मी तिथेच अंतरपाटाच्या अलीकडे उभी होते. "जावईबापू बर्थवर पाय न मुडपता मावतात की नाही ते बघून घेतलं, बाकी मुलगा चांगला आहे," असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं आणि ते अक्षता टाकायला वळले.

नोकरी रेल्वेची, मालडबे दुरुस्त करायच्या कारखान्यातली. शिवाय ब्रेकडाउन गाडीवर नेमणूक. कुठे मालगाडी रुळांवरून घसरली की भोंगा वाजे, आणि आतोबा भरल्या पानावरून उठून निघत. त्या गाडीत क्रेन, जॅक, दोरखंड, तंबू आणि सगळ्या गँगचा स्वयंपाक मावेल एवढं एक पातेलं असे. दोन-तीन दिवसांनी काळेकुट्ट होऊन परत आले की हातपाय धुवायच्या आधी वर्णन सुरू. "काय सांगू तुला. रुळांच्या कडेला तंबू, वर मोकळं आभाळ, आणि ती खिचडी. तशी खिचडी घरात होणे नाही." आत्या बिचारी झाशीतल्याच नगरा भागातल्या रेल्वे-क्वार्टरमध्ये दोन पोरं, शिधा आणि पाण्याचा नळ सांभाळत बसलेली. ती म्हणायची, "लोकांचे डबे घसरतात आणि तुमची सहल होते. मला कधी नेणार?" आतोबांचं उत्तर ठरलेलं होतं. "रिटायर झालो की. तंबू तुझा, खिचडी माझ्या हातची." रेल्वेच्या पासावर त्यांनी तिला काशी दाखवली, रामेश्वर दाखवलं. ती सगळीकडे हात जोडून आली आणि दर वेळी परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर बघून तेच विचारत राहिली. देवांबद्दल तिची तक्रार नव्हती, पण तिला तंबूतली खिचडी हवी होती.

रिटायर झाल्यावर आतोबांनी खरंच गाडी घेतली. एका डॉक्टरांची जुनी पांढरी व्हॅन होती. लोक गाडी घेताना इंजिन ऐकतात, टायर बघतात, चार माणसांना विचारतात. आतोबांनी नुसता बाजूचा दरवाजा सरकवला. तो रुळावरून सरकल्यासारखा सरकला आणि शेवटी खट्‌ करून बसला. "बस, घेतली," ते म्हणाले. बंद मालडब्याचा दरवाजा असाच सरकतो हे आम्हांला पुढे कळलं, तोवर उशीर झाला होता. घरात सगळ्यांना वाटलं, चला, आता मुलं-नातवंडं आली की सगळे मिळून ओरछ्याला जाऊ. आठ दिवसांत गाडीची मागची सीट काढून व्हरांड्यात आली. आल्यागेल्याला तिच्यावरच बसवत आणि आतोबा अभिमानाने सांगत, "आरामात बसा. ही सीट फार कमी चाललेली आहे."

त्या दिवसापासून गाडीच्या मागच्या जागेत जे सुरू झालं त्याला सुतारकाम म्हणणं म्हणजे सुतारांचा अपमान, आणि वेड म्हणावं तर एकही खिळा वाकडा नाही. भंगाराच्या लिलावातून आणलेल्या खोक्यांच्या फळ्यांचा त्यांनी एक लांबरुंद पाट केला. दिवसा त्यावर सामान, रात्री त्यावर अंथरूण. पाटाखाली खण. एकात स्टोव्ह, एकात डाळ-तांदूळ, एकात तंबूच्या खुंट्या, एकात त्या खुंट्या ठोकायचा हातोडा. पाटाच्या कडेला बिजागरीवर उघडणारं टेबल आणि छताला कंदिलाची आकडी. तंबूचे बांबू मात्र लांब होते. ते मागे मावेनात, म्हणून पुढची डावी सीटही निघाली आणि बांबूंचं तोंड थेट पुढच्या काचेपर्यंत आलं. आता आतोबांच्या शेजारी बांबू बसायचे. शेजारचे तिवारीजी रोज दूध आणायला जाताना फाटकाशी थबकत. "काए दद्दा, जा गाड़ी आय कै अलमारी?" आतोबा पाटाखालून डोकं काढून म्हणत, "तिवारीजी, अलमारी घर में खड़ी रहती है. ये चलेगी." "कबै?" या प्रश्नावर आतोबांना कुठलीतरी फळी पुन्हा मोजायची आठवण होई आणि तिवारीजी दूध घेऊन यायला निघून जात.

गाडीवर अक्षरंही त्यांनीच रंगवली. मालडब्यावर असतात तशी. रिकामं वजन इतकं, माल इतका, पुढची दुरुस्ती अमुक महिन्यात. सीपरी बाजारच्या पुलापाशी एकदा हवालदाराने गाडी अडवली आणि सगळी अक्षरं शांतपणे वाचून विचारलं, "बाबूजी, जे माल का लिखा है? माल कहाँ है?" आतोबा म्हणाले, "माल अभी लदा नहीं है." "कब लदेगा?" "तैयारी चल रही है." हवालदाराने खिडकीतून आत डोकावून खण बघितले, बांबू बघितले, कंदील बघितला, आणि प्रकरण आपल्या अखत्यारीतलं नाही असं ठरवून सॅल्यूट ठोकला.

आत्याची सहल सोडून बाकी सगळ्यांची कामं मात्र त्या गाडीने केली. गुरसरायहून कोणाच्या मुंजीची भांडी आली, मऊरानीपुराहून गव्हाची पोती आली. आणि एका वर्षी आमच्या मराठी मंडळाचा गणपती आला. मूर्तिकाराच्या अंगणात आतोबांनी बाप्पांच्या चारी बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या आणि पोटावरून नवारीची पट्टी आवळली. मंडळातले एक वयस्क गृहस्थ कळवळले, "अहो, देवाला बांधता?" आतोबा म्हणाले, "देव हलत नाही हो. मूर्ती हलते." मग दरवाजा सरकवून त्यांनी त्याला तार ओवली आणि वर शिशाची गोळी चिमट्याने दाबून सील केलं. मालडब्याची रीतच ती. सील लागलं की मुक्कामाला पोचेपर्यंत ते तोडायचं नाही, आणि तिथेही माल ज्याच्या नावावर असेल त्याच्या समक्षच तोडायचं. गणपती मंडळाच्या सेक्रेटरीच्या नावावर होता. आणि सेक्रेटरी गाडीच्या पुढे स्कूटरवरून मोरया मोरया करत येताना पुलाच्या उतारावर घसरून दवाखान्यात कोपर बांधून घेत बसला होता.

मांडवाशी गाडी उभी. तबकं तयार, झांजा तयार, भटजी घड्याळाकडे बघताहेत, आणि बाप्पा सीलबंद. "माल घेणारा येऊ दे," आतोबा दारापुढे उभे राहून म्हणाले. लोकांनी विनवलं, दोघे-तिघे रागावले, एकाने तर त्यांना नास्तिक म्हटलं. आतोबा ढिम्म. नोकरीत त्यांनी भल्याभल्या साहेबांपुढे सील तोडलं नव्हतं, तिथे भटजींची काय कथा. शेवटी बायकांच्या घोळक्यातून आत्या उठली, चंचीतून अडकित्ता काढला आणि कच्च करून तार कातरली. आतोबा तुटलेली तार उचलत म्हणाले, "सील तोडलंस?" आत्या म्हणाली, "माझा गणपती आहे. सेक्रेटरीच्या नावावर कोणी केला?" आरती वेळेवर झाली. आतोबा पुढे आठ दिवस भेटेल त्याला सांगत होते की नियमाने बघायला गेलं तर तो गणपती चोरीला गेलेला आहे.

असं सगळं चालू होतं आणि आत्याचे गुडघे मात्र दिवसेंदिवस बसत चालले होते. आधी ती मांडी घालेना, मग पायऱ्यांवर कठड्याला धरून थांबायला लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की कुठे हिंडायचं असेल तर या थंडीत हिंडून घ्या, पुढचं सांगता येत नाही. मी त्या दिवशी तिच्यासोबत होते. घरी येऊन तिने आतोबांना ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आतोबा तेव्हा मिठासाठी निराळा खण करत होते. "या महिन्यात निघायचं," आत्या म्हणाली. "गुडघे माझे आहेत, खण तुमचे आहेत. आधी काय संपतं ते मला दिसतंय." आतोबांनी रंधा खाली ठेवला. हातावरचा भुसा झटकला. नंतर हळूच म्हणाले, "या महिन्यात निघू."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हांला सगळ्यांना तपासणीला बोलावलं. मागचा दरवाजा वर उचलला, आणि खरं सांगते, बघत राहावं असं काम होतं. एक चमचा हलेल तर शपथ. सगळ्यांत मागे, मानाच्या जागी, ब्रेकडाउन गाडीतलं ते अवाढव्य पातेलं. तेही लिलावात सोडवून आणलेलं. तिवारीजींनीसुद्धा "वाह दद्दा" म्हटलं. आतोबा एकेक खण उघडून दाखवत होते. आत्याने सगळं ऐकून घेतलं, वाकून आतून बाहेरून बघितलं आणि विचारलं, "मी कुठे बसू?"

 आतोबांनी खिशातून मोजपट्टी काढली, थोडी उलगडली आणि तशीच गुंडाळून परत ठेवली. डाळ, तांदूळ, कंदील, हातोडा, हातोड्याला राखीव दांडा, सगळ्यांची जागा होती. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मोजायचीच राहिली होती. आणि अशा वेळी शहाण्या माणसाने चुकलो म्हणावं, तर आतोबांच्या तोंडून निघालं, "मालगाडीत पॅसेंजर घेत नाहीत." आत्या आत गेली आणि तिने वाटेसाठी बांधून ठेवलेली भाकरी-चटणी सोडून सगळ्यांना वाढून टाकली. आतोबांच्या पानातही वाढलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने सगळा संसार ज्या एका संध्याकाळच्या आशेवर रेटला होता, ती संध्याकाळ यांनी खुंट्यांना देऊन टाकली होती.

सहल लांबली. पुढचे काही दिवस आत्याने चहा नुसता टेबलावर ठेवला आणि आतोबांनी तो गार करून प्यायला. मग एका सकाळी व्हरांड्यातल्या सीटचा एक तुकडा करवतीने कापलेला दिसला. पाण्याची दुसरी टाकी अंगणात आली, बिजागरीचं टेबल आलं, मिठाचा खण आला. आणि गाडीच्या अगदी शेपटाला, मागच्या काचेपाशी, मागे तोंड करून एक खुर्ची बसली. पाय टेकायला बुटकी पायरी, उठताना धरायला दोन्हीकडे दांडे. सगळं आत्याच्या गुडघ्याच्या मापाचं. शेजारच्या आकडीला एक शिट्टी आणि दोन झेंड्या. आतोबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि इकडे-तिकडे बघत म्हणाले, "मालगाडीत एक माणूस बसतो. गार्ड."

आत्या पोळी लाटत राहिली. आतोबांनी पुढे समजावून सांगितलं. गार्ड म्हणजे गाडीचा मालक. ड्रायव्हर नुसता हाकणारा. गार्डाने शिट्टी दिल्याशिवाय गाडी सुटत नाही, आणि गार्डाने लाल झेंडी दाखवली की ड्रायव्हरची एक पाऊल पुढे टाकायची छाती होत नाही. आत्याचं लाटणं थांबलं. "पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. आतोबांनी पुन्हा सांगितलं. "हे तुम्ही मला लग्नानंतर लगेच का नाही सांगितलं?" असं म्हणून ती हात धुवायला उठली.

निघायचं ठरलं होतं पहाटे. निघालो दुपारी, कारण पातेलं बाहेर काढून पुन्हा आत ठेवावं लागलं. मी आणि आमचे हे स्कूटरवर मागोमाग होतो. आत्याची कपड्यांची पिशवी गाडीत मावली नव्हती, ती माझ्या मांडीवर. आत्या खुर्चीवर ऐसपैस बसली, पदर नीट केला आणि शिट्टी फुंकली. पुढून आतोबांचा आवाज आला, "चलायचं, गार्डसाहेब?" घरात तिला उभा जन्म अगं-तुगं करणारा माणूस त्या गाडीत तिला अहो-जाहो करायला लागला आणि शेवटपर्यंत करत राहिला. "चला," आत्या म्हणाली. फाटकाशी तिवारीजी दुधाचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी फाटक उघडून धरलं.

आतोबांना जायचं होतं मऊरानीपुराच्या अलीकडच्या एका आमराईत. पूर्वी तिथे मालडबे घसरले होते आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वोत्तम खिचडी तिथेच झाली होती. पण त्यांची गाडी चालायची मालगाडीच्या चालीने. रेल्वेच्या प्रत्येक फाटकावर उतरून ते जाणाऱ्या गाडीची चाकं निरखत. बेतव्याच्या पुलावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमची स्कूटर मागे असल्यामुळे आत्याचा चेहरा काचेतून अगदी समोर दिसत होता. पूल संपेपर्यंत तिला काही दिसलं नाही, कारण तिला सगळं मागे पडल्यावरच दिसायचं. पूल संपला, रस्ता वळला, आणि तिच्या डोळ्यांपुढे सबंध नदी उलगडली. काळे खडक, त्यांच्यामधून वाट काढणारं पाणी, आणि पाण्यावर ते पिवळं ऊन. आत्या दोन्ही दांडे धरून थोडी उठली. नदी लांब जात होती. तिने लाल झेंडी घेतली आणि काचेवर धरली.

झेंडी फक्त आम्हांला दिसत होती. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण मग तिने अशी शिट्टी फुंकली की आमच्या ह्यांनी दचकून ब्रेक दाबला. व्हॅन थांबली. आतोबा उतरून धावत मागे आले आणि त्यांनी मागचा दरवाजा वर उचलला. "काय झालं, गार्डसाहेब? सामान सुटलं?"

"नदी मागे गेली," आत्या म्हणाली.

"जाणारच. आपला मुक्काम पुढे आहे. अजून बराच."

"पोचेपर्यंत अंधार पडेल. मग तुम्ही म्हणाल, आता तंबू नको, उद्या बघू. इतकी वर्षं तुम्ही मला पुढचंच सांगत आलात. इथून मला पुढचं काही दिसत नाही हो. मागचं दिसतं. मला इथेच थांबायचं आहे." आणि झेंडी त्यांच्या छातीशी धरून ती बसून राहिली.

आतोबांनी एकदा पुढच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा त्या लाल फडक्याकडे. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ज्या माणसाने भटजींना, मंडळाला आणि खुद्द गणपतीला जुमानलं नव्हतं, त्याने टाचा जुळवल्या आणि म्हटलं, "हिरवी दाखवा. गाडी मागे घेतो." मागे जाताना गार्डाच्या झेंडीवरच जावं लागतं. आत्याने हिरवी झेंडी हलवत, शिट्ट्या देत ती गाडी पुलाच्या तोंडाशी, नदीच्या उतारावर आणली. वाटेत डावीकडे-उजवीकडेही तीच सांगत होती. तिला कोणी कधी रस्ता विचारला नव्हता, पण एकदाही चुकली नाही.

दरवाजाला अर्थातच सील होतं. मुक्काम बदलला म्हणून आतोबा क्षणभर घुटमळले. आत्याने चंची उघडायला घेतली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला आणि तिच्याकडून अडकित्ता घेऊन आपण होऊन तार कातरली. गाडीच्या शेपटाला लागूनच तंबू उभा राहिला. मग खिचडी. तेव्हा कळलं की आतोबांना खिचडी येते ती फक्त सबंध गँगची. "दोन-चार माणसांचं माप मला माहीत नाही," ते गंभीरपणे म्हणाले आणि पातेलं भरत सुटले. नदीवर म्हशी धुणारे आले, मासे धरणारे आले, पुलावरून जाणारा एक ट्रकवाला उतरून आला. सगळ्यांनी पत्रावळीवर खिचडी घेतली. ती खाली करपली होती आणि वर कच्ची होती. आत्या तंबूच्या तोंडाशी खुर्चीवर बसून अगदी सावकाश जेवली. मी विचारलं, "आत्या, कशी आहे?" तिने मान वळवली आणि आतोबांना विचारलं, "तिथे अशीच व्हायची?"

"याहून करपायची," आतोबा म्हणाले.

"मग बरोबर," आत्या म्हणाली आणि तिने आणखी मागून घेतली.

पुन्हा काही त्यांना जाता आलं नाही. गुडघे त्याच थंडीत गेले आणि पुढच्या थंडीत आत्याच गेली. आता आमची बदली ग्वाल्हेरला झाली आहे. गेल्या दिवाळीत मी आतोबांकडे राहून आले. निघताना त्यांनी रिक्षा करू दिली नाही, मीच सोडतो म्हणाले. गाडी तशीच आहे. पुढे अजून बांबूच बसतात. तेव्हा मी मागे जाऊन आत्याच्या खुर्चीवर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. आतोबांनी गाडी सुरू केली. इंजिन घरघरत होतं, पण गाडी जागची हलेना. मला वाटलं, ते काही विसरले असतील. घड्याळ बघितलं, हाक मारली, तरी ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून. मग शेजारच्या आकडीकडे माझं लक्ष गेलं. शिट्टी तिथेच होती. तिच्या दोरीला आत्याच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधलेला होता. मी ती काढली आणि वाजवली.

"हळू वाजवा," पुढून आतोबा म्हणाले. मला ते लहानपणापासून अगं म्हणत आले आहेत. "आमचे गार्डसाहेब हळू वाजवायचे." आणि गाडी सुटली.

तिथे बसलं की खरंच पुढचं काही दिसत नाही. फाटक मागे गेलं, फाटकाशी हात जोडून उभे असलेले तिवारीजी मागे गेले, व्हरांड्यातली ती कापलेली सीट आणि तिच्यावर उन्हात टाकलेली आत्याची गोधडी लहान लहान होत गेली. स्टेशन येईपर्यंत मी लाल झेंडी मुठीत धरून बसले होते.